रात्रीचा श्वास

मी वाणिज्य शाखेच्या अंतिम वर्षाची विद्यार्थिनी. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि शरीरशास्त्राशी असलेला माझा संबंध दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकापाशीच संपला. तेव्हा वैद्यकीय विषयावर लेखणी चालविण्याचा हिला अधिकार काय, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात आल्यास तो रास्तच आहे. परंतु गेली दोन वर्षे हा विषय आमच्या घरीच मुक्कामाला आहे. डॉक्टरांना विचारून, परिचारिकांकडून शिकून आणि रात्री जागून जे आम्हाला समजले, ते समजण्यास सात महिन्यांचा उशीर झाला. तसा उशीर दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठीच हा लेख. आमच्या सरांच्या सूचनेवरून हाच मजकूर मी कन्नड विभागासाठीही लिहून दिला आहे.

माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सारी भावंडे अण्णा म्हणतो, उद्यमबागेतील एका कारखान्यात बत्तीस वर्षे लेथवर टर्नर होते. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी, गणपतीच्या दिवसांत, त्यांच्या उजव्या हाताने कुलपाची किल्ली फिरेना. मग सदऱ्याची बटणे लागेनात. पुढच्या शिमग्यापर्यंत निरनिराळ्या तपासण्या झाल्या आणि निदान हाती आले : ए.एल.एस., म्हणजे अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस. आपल्याकडील बरेच डॉक्टर याला मोटर न्यूरॉन डिसीज किंवा एम.एन.डी. असेही म्हणतात.

रोग कोणता?

झाँ-मार्तँ शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६९ साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले. आपल्या स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या विशिष्ट चेतापेशी मेंदूत आणि मज्जारज्जूत असतात. या रोगात नेमक्या त्याच पेशी हळूहळू मरतात. हुकूम थांबला की स्नायू काम सोडतो, वाळतो. स्पर्श, दृष्टी, श्रवण बहुधा शाबूत राहते. विचारशक्तीत व वागण्यात काही रुग्णांच्या बाबतीत फरक पडतो. अनेकांच्या बाबतीत ती शेवटपर्यंत तल्लख राहते. लू गेरिग या अमेरिकन बेसबॉलपटूला १९३९ साली हा रोग असल्याचे कळले आणि १९४१ साली तो वारला. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी हे निदान झाले आणि ते २०१८ पर्यंत जगले. परंतु हॉकिंग हा फार मोठा अपवाद होय. पहिल्या लक्षणापासून दोन ते पाच वर्षे हा सर्वसाधारण काळ. रोग समूळ बरा करणारे औषध आजही नाही. रिलुझोल हे १९९५ पासून वापरात असलेले औषध आयुष्य काही महिन्यांनी वाढविते.

निदान झाले तेव्हा आमचे सारे लक्ष अण्णांच्या हातापायांकडे होते. भिंतीला धरावयास दांडी बसविली, न्हाणीघरात खुर्ची ठेविली. श्वासही स्नायूच घेतात, ही गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही. या रोगाने दगावणारे बहुतेक रुग्ण श्वसनाचे स्नायू दुबळे झाल्याने दगावतात, हे आम्हाला फार उशिरा कळले.

रात्रच का वैरीण?

श्वास घेण्याचे मुख्य काम छाती आणि पोट यांच्यामधील एका घुमटासारख्या स्नायूचे आहे. त्याला मराठीत श्वासपटल म्हणतात. हे पटल आकुंचन पावून खाली सरकले की फुप्फुसात हवा शिरते. मिनिटाला १४ श्वास धरले, तर दिवसाकाठी हे काम वीस हजारांवर वेळा होते. पटल दुबळे झाले की मान, खांदे आणि बरगड्यांमधील स्नायू मदतीला येतात. दिवसा बसल्या जागी ही मदत पुरते आणि घरच्यांना काही कळत नाही.

रात्री दोन गोष्टी बदलतात. पहिली, माणूस आडवा होतो. उभ्याने किंवा बसून पोटातील आतड्यांचा भार खाली असतो. उताणे निजल्यावर तोच भार पटलाला छातीकडे ढकलतो. दुबळ्या पटलाला मग प्रत्येक श्वासाला हे ओझे रेटावे लागते. दुसरी गोष्ट स्वप्नांच्या झोपेची. या झोपेत शरीरातील बहुतेक स्नायू निसर्गतःच सैल पडतात, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणातून उठून धावत नाही. मान आणि बरगड्यांचे मदतनीसही याच वेळी रजेवर जातात. सारे काम एकट्या पटलावर येते आणि पटल तर आधीच थकलेले. स्वप्नांची झोप पहाटेच्या सुमारास अधिक असते. म्हणून त्रासही पहाटे अधिक.

श्वास उथळ झाला की दोन परिणाम होतात. प्राणवायू कमी आत येतो आणि कार्बन डायॉक्साइड पुरता बाहेर पडत नाही. हा दुसरा परिणाम आम्ही ओळखला नाही.

काय दिसते, काय दिसत नाही

त्या वर्षीच्या दिवाळीपासून अण्णा रात्रीतून चार-पाच वेळा जागे होऊ लागले. काकूला वाटले, लघवीचा त्रास असेल. सकाळी उठल्यावर डोके जड, ठणकते. नऊ-दहाच्या सुमारास आपोआप उतरे. आम्हाला वाटले, जागरणाने. उशी एकाची दोन आणि दोनाची तीन झाली. भीतिदायक स्वप्ने पडू लागली, एकदा म्हणाले, "विहिरीत बुडत होतो, पोरी." दुपारी वर्तमानपत्र हातात असतानाच डुलकी लागे. जेवण कमी झाले. स्वभाव चिडका झाला. आवाज बारीक झाला आणि वाक्ये तुटक. या प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे वेगळे कारण होते. साऱ्यांचे मिळून एकच कारण असू शकेल, असा विचार कोणीच केला नाही.

अण्णांना धाप लागत नव्हती, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. हातपायच चालत नाहीत तो माणूस जिना चढणार कोठे आणि धापणार कोठे? म्हणून 'दम लागतो का?' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर आले, तरी निर्धास्त होऊ नये.

आमच्या दोन चुका

पहिली चूक म्हणजे झोपेची गोळी. झोप लागत नाही म्हणून घरात पूर्वी कोणाला तरी दिलेली गोळी आम्ही अण्णांना दिली. अशा गोळ्यांपैकी कित्येक श्वासाची प्रेरणाच मंद करतात. दुसऱ्या दिवशी अण्णा अकरापर्यंत गुंगीत होते.

दुसरी चूक प्राणवायूची. २०२१ च्या कोरोना लाटेत ऑक्सिमीटर घरोघरी आले आणि बोटाला लावून आकडा पाहण्याची सवय आपल्या सर्वांना लागली. अण्णांचा दिवसाचा आकडा ९४ च्या आसपास असे. आम्ही समाधानी होतो. पुढे शेजाऱ्यांनी त्या वेळी विकत घेतलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आपुलकीने आणून दिले. दोन रात्री ते लावले. आकडा ९८ झाला. अण्णांची डोकेदुखी मात्र दुप्पट झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते मला ओळखेनात.

याचे कारण वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना समजेल अशा रीतीने सांगते. एखाद्या दुकानाची नुसती रोख वही पाहिली आणि शिल्लक चांगली दिसली, म्हणून दुकान सुस्थितीत आहे असे म्हणता येत नाही. देणी किती थकली आहेत, ते दुसऱ्या खात्यात पाहावे लागते. ऑक्सिमीटर ही फक्त रोख वही आहे. कार्बन डायॉक्साइडचे देणे त्यात दिसत नाही. नुसता प्राणवायू देणे म्हणजे उसने पैसे आणून रोख वाढविण्यासारखे आहे. श्वास उथळचा उथळच राहतो, कार्बन डायॉक्साइड साठतच जातो. शिवाय प्राणवायूची उणीव भासली की शरीर जोराने श्वास घेण्याची थोडीफार धडपड करते, तीही थंडावते. आकडा मात्र सुंदर दिसतो आणि सगळ्यांची फसगत होते.

निमोनियासारख्या प्रसंगी किंवा तातडीच्या वेळी डॉक्टर प्राणवायू देतात, ती गोष्ट निराळी. त्या वेळी ते रक्तावर नजर ठेवतात. परंतु ए.एल.एस. च्या रुग्णाला घरच्या घरी, आपल्याच मनाने, रात्रभर प्राणवायू लावू नये.

तपासण्या

त्या सकाळी अण्णांना इस्पितळात नेले. छातीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावण्यापूर्वीच काकूला विचारले, "निद्दी चलो बर्तैतेन्री?" झोप बरी लागते का? मग विचारले, सकाळी डोके दुखते का, उशा किती लागतात. आधीच्या सात महिन्यांत हे तीन प्रश्न आम्हाला कोणी विचारले नव्हते आणि आम्हीही आपण होऊन काही सांगितले नव्हते. अण्णा थोडे सावध झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना एका श्वासात अंक मोजावयास सांगितले. निरोगी माणूस सहज तिसाच्या पुढे जातो. अण्णा चौदावर थांबले. उताणे निजविल्यावर श्वास घेताना त्यांचे पोट फुगण्याऐवजी आत जात होते. श्वासपटल थकल्याची ही खूण डोळ्यांनी दिसते.

मनगटाच्या धमनीतील रक्ताच्या तपासणीने कार्बन डायॉक्साइडचा दाब कळतो. तो ३५ ते ४५ असावा. शेजाऱ्यांचे यंत्र बंद करून दोन दिवस झाल्यावरही अण्णांचा सकाळचा दाब ५२ होता. रात्रभर बोटाला ऑक्सिमीटर लावून नोंद घेतली, तेव्हा पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान आकडा ८१ पर्यंत उतरल्याचे दिसले. दिवसाच्या ९४ ला भुललेले आम्ही तो कागद बघतच राहिलो.

याशिवाय नळीत जोराने फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजतात. ती बसून आणि निजून अशी दोनदा मोजल्यास अधिक उपयोग होतो. निजल्यावर ती बरीच घटली, तर पटल दुबळे समजावे. अपेक्षेच्या निम्म्याहून क्षमता कमी झाली, तर यंत्राची मदत सुरू करावी असा जुना दंडक आहे. लक्षणे असतील तर तितके थांबू नये, याकडे आता डॉक्टरांचा कल आहे. लक्षणे नसली तरी दर तीन महिन्यांनी ही तपासणी व्हावी.

यंत्र आणि मिशी

उपाय म्हणून जे यंत्र दिले जाते त्याला बायपॅप म्हणतात. नाकावर किंवा नाकातोंडावर मास्क बसवून हे यंत्र हवा देते. आपण श्वास आत घेतो तेव्हा दाब वाढतो, सोडतो तेव्हा उतरतो. म्हणजे थकलेल्या पटलाला प्रत्येक श्वासाला कोणी हात द्यावा तसे. श्वास घ्यावयास रुग्ण चुकलाच, तर यंत्र आपण होऊन श्वास देते, अशी सोयही त्यात ठेवता येते. घोरणाऱ्यांना देतात ते सीपॅप यंत्र दिसावयास तसेच असते, पण ते एकसारखाच दाब देते. या रोगात त्याने काम भागत नाही. विकत किंवा भाड्याने घेताना ही चौकशी अवश्य करावी.

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ४१ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांचे बोलण्या-गिळण्याचे स्नायू त्या मानाने बरे होते, त्यांचे आयुष्य यंत्रामुळे सुमारे २०५ दिवसांनी लांबले आणि ते दिवसही बरे गेले. ज्यांचे हे स्नायू फार बिघडलेले होते, त्यांचे आयुष्य विशेष वाढले नाही, परंतु झोपेचा त्रास कमी झाला. २०५ दिवस ही रक्कम लहान वाटेल. आमच्या घरात ती लहान नाही.

अण्णांनी पहिल्या रात्री दहा मिनिटांत मास्क काढावयास लावला. जीव घुसमटतो म्हणाले. हे पुष्कळांचे होते. म्हणून दाब कमी ठेवून सुरुवात करावी. आमच्याकडे १० आणि ४ वर केली. पुढे डॉक्टरांनी वाढविला. दिवसा जागेपणी वीस मिनिटे, मग तासभर, असे करीत रात्रीवर जावे. अण्णांना आम्ही दुपारी धारवाड आकाशवाणी लावून मास्क घालीत असू. दुसरी अडचण त्यांच्या झुपकेदार मिशीची. मिशीमुळे मास्क नीट बसेना आणि हवा फुसफुसत डोळ्यांवर जाई. चाळीस वर्षांची मिशी काढावयास ते तयार होईनात. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "बोलव न्हाव्याला." काकू स्वयंपाकघरात जाऊन रडली. त्या रात्री अण्णा सलग पाच तास झोपले. आठवड्याने सकाळची डोकेदुखी गेली आणि दुपारी त्यांनी माझ्याकडून वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचून घेतले.

घरातील व्यवस्था

यंत्राबरोबर ज्या गोष्टी शिकलो, त्या थोडक्यात देते.

डोक्याकडील बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उंच ठेवावी. नुसत्या उशांनी मान दुमडते. पाठीपासून उंची द्यावी.

नाकाच्या हाडावर मास्कचा घट्टा पडतो. पट्टे फार आवळू नयेत. कातडी लाल दिसताच डॉक्टरांना सांगून मऊ पट्टी लावावी किंवा दुसऱ्या आकाराचा मास्क घ्यावा. मास्क रोज धुवावा. तोंड कोरडे पडत असल्यास यंत्राला हवा ओलसर करणारे पात्र जोडता येते.

रुग्णाचे हात चालत नसतील तर तो स्वतः मास्क काढू शकत नाही. उलटी झाली किंवा वीज गेली तर? म्हणून हाक मारण्याची सोय हवीच. अण्णांच्या एका जुन्या सहकाऱ्याने दारावरच्या घंटेचे बटण त्यांच्या गुडघ्यापाशी बसवून दिले. गुडघा दाबला की माझ्या उशाशी घंटा वाजते.

पावसाळ्यात वीज जाणार हे धरून चालावे. इन्व्हर्टर किंवा यंत्राची स्वतंत्र बॅटरी ठेवावी आणि ती किती तास पुरते, ते दिवसा एकदा करून पाहावे.

खोकण्याचे बळ गेले की कफ आत राहतो. अंबू पिशवीने दोन-तीन श्वास एकावर एक भरून मग खोकावयाचे, त्याच वेळी दुसऱ्याने पोटावर दाब द्यावयाचा, अशी एक पद्धत आहे. ती प्रत्यक्ष शिकल्याशिवाय करू नये. कफ ओढून काढणारे आणि खोकल्याला मदत करणारे यंत्रही मिळते. लाळ फार साठत असेल तर ती कमी करण्याची औषधे आहेत, कारण लाळ असली की मास्क सहन होत नाही.

पुढचा विचार

यंत्र रोग थांबवीत नाही. अण्णा आता रात्रीचे नऊ तास आणि दुपारचे दोन तास यंत्रावर असतात. पुढे हे तास वाढतील. एक वेळ अशी येते की मास्क पुरत नाही. त्या वेळी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी काय, हा प्रश्न उभा राहतो. हॉकिंग यांना १९८५ साली अशी नळी बसविली आणि त्यांची वाचा कायमची गेली. मात्र ते पुढे तेहतीस वर्षे जगले. नळी बसविल्यावर अहोरात्र जाणते माणूस जवळ लागते. कोणी ती स्वीकारतो, कोणी नाकारतो. दोन्ही निर्णय समजण्यासारखे आहेत. फक्त तो निर्णय रुग्णाने स्वतः, शुद्धीवर असताना, घाई नसताना घ्यावा. इस्पितळाच्या दारात नातेवाइकांनी गोंधळून घेऊ नये. अशी इच्छा आगाऊ लिहून ठेवण्यास आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आणि २०२३ साली तिची पद्धत सोपी केली. नळी नको म्हणणाऱ्याला वाऱ्यावर सोडले जात नाही. धाप आणि घाबरेपणा शमविण्याची औषधे डॉक्टर बेताच्या मात्रेत देऊ शकतात.

ही गोष्ट अण्णांपुढे काढण्याचे धैर्य घरात कोणाला होत नव्हते. शेवटी त्यांनीच काढली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मला वही घेऊन बसविले आणि तुटक शब्दांत सांगितले, "मास्क चालेल. भोक नको. लिही." मी लिहिले. साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरी वगैरे रीतसर झाले. त्या रात्री काकू बऱ्याच दिवसांनी शांत झोपली, असे तिनेच मला सांगितले.

वाचकहो, हा रोग फार आढळणारा नव्हे. युरोपातील नोंदींनुसार वर्षाला दर लाख माणसांमागे साधारण दोघांना तो होतो. म्हणूनच ज्याच्या घरी येतो, त्याला शेजारीपाजारी विचारावयास कोणी सापडत नाही. आपल्या ओळखीत असे कोणी असेल, तर त्याच्या घरी जाऊन तीन प्रश्न विचारा. रात्री झोप सलग लागते का? सकाळी डोके दुखते का? उशा वाढल्या आहेत का? एकाचेही उत्तर मनाजोगते नसेल, तर छातीच्या किंवा मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे जाण्यास सांगा आणि रक्तातील कार्बन डायॉक्साइड तपासावयाचा का, हे विचारण्यास सांगा.

हा लेख मी रात्री अण्णांच्या खोलीत बसून लिहिला. मध्ये एकदा घंटा वाजली. मास्क सरकला असेल म्हणून उठले, तर मास्क जागच्या जागी होता. अण्णांनी डोळ्यांनी दिव्याकडे खूण केली. परीक्षा जवळ आली आहे, दिवा मालवून नीज, असे त्यांना म्हणावयाचे होते.